मोबाईलवर मॉडेलचा फोटो कसा काढायचा? मी शिकलो दादासाहेब फाळक्यांकडून



मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, मॉडेल फोटोशूटसाठी कुठला फोन घेऊ? दोन वर्षांपूर्वी मलाही वाटायचं की उत्तर फोनमध्येच आहे. म्हणून हप्त्यावर एक भारी कॅमेऱ्याचा फोन घेतला आणि पहिल्याच शूटमध्ये तोंडावर आपटलो.

झालं असं. मी म्हसळ्याचा. माझ्या ओळखीतल्या एका चोवीस वर्षांच्या मुलीला मॉडेलिंगमध्ये जायचं होतं आणि त्यासाठी पोर्टफोलिओ हवा होता. एक साडीतला लूक, एक गाऊनमधला, एक थोडा बोल्ड. मुंबईच्या स्टुडिओचा खर्च तिला परवडणारा नव्हता, म्हणून तिने मला विचारलं. मी रविवारी भर दुपारी एकच्या सुमारास तिला आमच्या सुपारीच्या वाडीत उभं केलं. मागे हिरवंगार, वरून ऊन. मला वाटलं, झकास!

घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले. चेहऱ्यावर पानांतून आलेल्या उन्हाचे पांढरे ठिपके, डोळ्यांखाली काळ्या सावल्या आणि जवळून काढल्यामुळे नाक मोठं आलेलं. ब्युटी मोडने कातडी अशी गुळगुळीत केली होती की ती दुकानातली बाहुली वाटत होती. त्यातल्या त्यात बरा असा एक फोटो, बोल्ड लूकमधला, मी रात्री स्टेटसला टाकला. तिला न विचारता.

म्हसळ्यात टाकलेलं स्टेटस सकाळपर्यंत मुंबईतल्या चाळीत आणि आखातात कामाला गेलेल्या माणसांपर्यंत पोचतं, हे मला माहीत असायला हवं होतं. तिच्या घरी मोठा तमाशा झाला. मी फोटो लगेच काढला, पण स्क्रीनशॉट कधीच पुढे गेले होते. पुढचे अनेक महिने ती माझ्याशी बोलली नाही.

त्या पावसाळ्यात बाहेर पडणं बंद होतं आणि फोटो काढायचं मनही होत नव्हतं. तेव्हा मी दादासाहेब फाळक्यांविषयी वाचायला लागलो. सुरुवात केली होती वेळ घालवायला, पण माझ्या चुकांची उत्तरं तिथे सापडत गेली. आज तेच सांगतो.

## फाळके आधी फोटोग्राफर होते

आपल्याला फाळके माहीत असतात ते पुरस्काराच्या नावावरून, नाहीतर 30 एप्रिल 2018 ला गुगलने त्यांच्या वाढदिवसाला डूडल केलं होतं त्यावरून. पण सिनेमाच्या आधी त्यांची वीसेक वर्षं फोटो, रंग आणि छपाईत गेली होती.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 ला त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. धुंडिराज 1885 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याला कलाभवनात गेले. तिथे चित्रकला तर होतीच, शिवाय फोटो काढणं, तो डार्करूममध्ये धुणं, त्याचा छपाईसाठी ब्लॉक बनवणं, सगळं हाताने शिकायला मिळालं. कलाभवनाचे प्रमुख प्रा. गज्जर यांनी त्यांना तिरंगी ब्लॉकचं काम शिकायला रतलामला पाठवलं आणि परत आल्यावर तिथला फोटो स्टुडिओ त्यांना वापरायला दिला.

आता जरा विचार करा. आपण बटण दाबलं की फोन एका क्षणात अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, सावल्या उजळतो, रंग ठरवतो. फाळक्यांना यातली प्रत्येक पायरी स्वतःच्या हाताने आणि डोळ्याने करावी लागायची. चूक झाली तर काच वाया, पैसे वाया. त्यामुळे उजेड आधी वाचायचा आणि मग फोटो काढायचा, ही सवय त्यांना लागणारच. आपण नेमकं उलटं करतो. आधी पन्नास फोटो काढतो आणि मग एडिटमध्ये उजेड शोधत बसतो.

## कॅमेऱ्याला घाबरलेले लोक

शिक्षण झाल्यावर फाळक्यांनी गुजरातमधल्या गोध्र्याला स्वतःचा स्टुडिओ टाकला. पण तिथे प्लेग आला. फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल त्यात गेलं. स्टुडिओ बंद करून ते बडोद्याला परतले. फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल त्यात गेलं. स्टुडिओ बंद करून ते बडोद्याला परतले.

ही समजूत वाचून मी आधी हसलो. मग माझं स्टेटस आठवलं आणि हसू थांबलं. कॅमेऱ्याने जीव जात नाही हे खरं. पण चुकीच्या हातात गेलेल्या एका फोटोने माणसाचं घराबाहेर पडणं बंद होऊ शकतं, ते मी स्वतः घडवून आणलं होतं. तेव्हा समोरचा माणूस कॅमेऱ्याला बिचकत असेल तर त्याला अडाणी समजू नका. आपला फोटो पुढे कुठे जाईल, हे विचारायचा त्याचा हक्क आहे.

फाळके मात्र काही काळ वेगळ्याच मार्गाला लागले. जादूचे प्रयोग शिकले आणि आपल्या आडनावाची अक्षरं उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने प्रयोग करायला लागले. पुढे सिनेमातल्या ट्रिक शॉटना ही जादू कामाला आली. 1902 च्या सुमारास त्यांचं दुसरं लग्न झालं. या सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा, कारण माझ्या मते आजच्या पोस्टची खरी नायिका त्याच आहेत.

1903 मध्ये फाळके सरकारी पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले, 1906 मध्ये नोकरी सोडली. मग लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय केला आणि रविवर्मा प्रेससाठी काम केलं. रविवर्म्यांच्या साडीतल्या, दागिन्यांतल्या देवी घराघरांत पोचल्या त्या अशाच छापलेल्या चित्रांतून. मॉडेलला पदर, मान, नजर कशी द्यायची, याचं त्या काळातलं ते चालतंबोलतं पाठ्यपुस्तकच म्हणा. 1909 मध्ये यंत्रं बघायला फाळके जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी पटेना, तेव्हा सगळं सोडून ते बाहेर पडले.

## वाटाण्याचा टाइमलॅप्स

1911 मध्ये गिरगावात त्यांनी सिनेमा पाहिला. येशूच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहताना त्यांच्या डोक्यात आपल्या देवांच्या गोष्टी पडद्यावर आणायचं वेड शिरलं. वय चाळिशीच्या पुढे, हाताला काम नाही. विमा पॉलिसी गहाण टाकून ते 1912 च्या सुरुवातीला लंडनला गेले, सिनेमाचं तंत्र शिकले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. सतत सिनेमे पाहून आणि प्रयोग करून त्यांचे डोळे इतके बिघडले होते की मधे काही काळ दिसायचंच बंद झालं होतं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली.

पैसे लावायला मात्र कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेत राहिले. पडद्यावर मिनिटभरात बी रुजतं, अंकुर वर येतो, वेल वाढतो. म्हणजे आपल्या फोनमधला टाइमलॅप्स, पण हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर! हे पाहून सावकार तयार झाला. तरी पैसे कमी पडले तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

## मॉडेल मिळेना!

आता आपल्या विषयाचा गाभा. 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती हवी होती. फाळक्यांनी वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. आलेले चेहरे पाहून वैतागले आणि पुढच्या जाहिरातीत कुरूप चेहऱ्यांनी येऊ नये अशी ओळच टाकली. ती ओळ आज वाचताना खटकते, आणि त्या ओळीने त्यांचं कामही झालं नाही. त्या काळी घरंदाज बाईने कॅमेऱ्यासमोर येणं म्हणजे बदनामी. फाळके तमासगिरिणींकडे गेले, वेश्यावस्तीत गेले. तिथल्या बायकांनीही नकार दिला. एखादी तयार झालीच तर टिकली नाही.

शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत त्यांना अण्णा साळुंके दिसले. तिथे काम करणारा, महिना दहा रुपये मिळवणारा, नाजूक बांध्याचा तरुण. फाळक्यांनी पंधरा रुपये देऊ केले आणि साळुंके तारामती झाले. बाकीच्या पोरांना स्त्रीवेषासाठी मिशी काढायला सांगितली तर ती अडून बसली. मिशी काढायची ती बाप गेल्यावर, जिवंतपणी कशी काढणार? त्यांची समजूत घालता घालता नाकी नऊ आले.

या चित्रपटाचं आज जेवढं रीळ उरलं आहे, त्यात राणीवशातल्या सख्या हौदात जलक्रीडा करताना दिसतात. चिंब साड्या, कारंजं, लाजणं, मुरकणं. आपल्या सिनेमातला हा पहिला ग्लॅमर सीन म्हणता येईल. आणि त्यातली प्रत्येक 'बाई' पुरुष आहे! व्हिडिओ मिळाला तर जरूर बघा. मान कुठे वळली आहे, हात कुठे आहेत, पदराची रेघ कशी पडली आहे, यावरच सगळं उभं आहे.

मला यातून एक गोष्ट पक्की कळली. ग्लॅमर ही काही ठरावीक अंगकाठीच्या मॉडेलमध्येच असणारी वस्तू नाही. ते उजेड, पोझ आणि कॅमेऱ्यासमोरचा मोकळेपणा यांतून तयार होतं. खानावळीत काम करणारा माणूस राणी दिसू शकला, तर तुमच्या समोरच्या मॉडेलचा चेहरा फिल्टरने बदलायची काय गरज?

## सरस्वतीबाईंची पांढरी चादर

तेव्हाची फिल्म आजच्या सेन्सरपेक्षा फारच मंद होती आणि लाल रंग तिला जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून शूटिंग व्हायचं सूर्यप्रकाशात. पण उन्हात माणसाचा अर्धा चेहरा लख्ख आणि अर्धा काळा येतो. यावर उपाय होता पांढरी चादर. सरस्वतीबाई तासन् तास उन्हात चादर धरून उभ्या राहायच्या. सूर्याचा उजेड चादरीवर पडायचा आणि तिथून नटाच्या सावलीतल्या बाजूवर जायचा. आज दुकानात मिळणारा गोल घडीचा रिफ्लेक्टर हेच काम करतो.

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा, रात्री कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायची, धुलाईची रसायनं कालवायची, फिल्म धुवायची. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला. पडद्यावर बाई नव्हती, पण प्रत्येक फ्रेमवर एका बाईचा हात फिरलेला होता.

त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. आपल्या सिनेमातल्या या पहिल्या स्त्रिया. दुर्गाबाई संसार मोडून नाटकात आल्या होत्या, लोक काय म्हणतात हे त्यांनी आधीच सोसलेलं होतं. कमलाबाई म्हणजे विक्रम गोखल्यांची आजी. कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याची किंमत तेव्हाही कॅमेऱ्यामागचा माणूस भरत नव्हता, समोरची बाई भरत होती. आजही तसंच आहे. माझ्या स्टेटसची किंमत मी भरली नाही, तिने भरली.

साळुंके पुढे मोठे नट झाले. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच होते. फाळक्यांनी नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनीत अनेक चित्रपट केले. पण बोलपट आले आणि त्यांचा काळ मागे पडला. 1937 चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला 1969 मध्ये.

## आता तुमच्या फोनवर काय करायचं?

हे सगळं वाचून मी माझी पद्धत बदलली. एकेक करून सांगतो.

वेळ: सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुपारी काढायचाच असेल तर झाडाच्या ठिपक्यांखाली नको, घराच्या पडवीत घ्या. मॉडेलचा चेहरा बाहेरच्या उजेडाकडे. पडवीत सगळीकडे एकसारखा मऊ उजेड मिळतो.

चादर: घरातली पांढरी, बिनछापाची चादर. सावलीच्या बाजूला, चेहऱ्यापासून तीन-चार फुटांवर, फोटोत येणार नाही अशी धरायची. जितकी मोठी आणि जवळ, तितक्या सावल्या मऊ. वाडीत हिरव्या पानांचा आणि जांभ्याच्या भिंतीपाशी तांबडा रंग चेहऱ्यावर चढतो, तोही पांढऱ्या चादरीने बराच कमी होतो.

अंतर: फोनचा मुख्य कॅमेरा वाइड असतो. जवळ गेलात की नाक मोठं, कान लहान दिसतात. दोन पावलं मागे या आणि 2x किंवा 3x लेन्स वापरा. वेगळी झूम लेन्स नसेल तर लांबून काढा आणि नंतर थोडं क्रॉप करा.

एक्स्पोजर: चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो. मग सूर्याची खूण असलेला स्लायडर किंचित खाली घ्या. पांढरी साडी किंवा दागिन्यांची चमक फाटली तर परत आणता येत नाही, थोडी सावली असेल तर एडिटमध्ये उजळता येते.

ब्युटी मोड: पूर्ण बंद. कातडीचा पोत राहू द्या. पोर्टफोलिओ बघणाऱ्यांना खरा चेहरा बघायचा असतो. पोर्ट्रेट मोड वापरलात तर केसांच्या आणि झुमक्यांच्या कडा मोठ्या करून तपासा, तिथे फोन हमखास गडबडतो.

लेन्स पुसा: हसू नका. कोकणातल्या दमट हवेत आणि खिशातल्या घामात निम्मे धूसर फोटो याच कारणाने येतात.

फोटो पाठवताना: व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर फोटो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवा, नाहीतर मूळ फाईलसोबत फोटो काढलेल्या जागेचा पत्ताही जातो.

## आणि सगळ्यात महत्त्वाची सेटिंग: परवानगी

मॉडेल अठरा वर्षांच्या पुढची आहे याची ओळखपत्रावरून खात्री करा. त्याखालच्या कुणाचंही ग्लॅमर शूट करायचं नाही, विषय संपला. कपडे, पोझ, जागा आधी ठरवा. तिला सोबत कुणाला आणायचं असेल तर आनंदाने आणू द्या, चादर धरायला माणूस लागतोच. मधेच नको म्हणाली तर फोन खाली. पोझ दाखवायची तर स्वतः करून दाखवा, अंगाला हात लावायचा नाही.

कुठले फोटो ठेवायचे, कुठले पुसायचे आणि कुठे टाकायचे, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. फोनच्या ट्रॅशमधून आणि क्लाउड बॅकअपमधूनही पुसा. एखाद्याच्या खासगी अंगाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय काढणं, पाठवणं किंवा टाकणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायद्याच्या भीतीने नाही, समोरच्या माणसाने आपल्यावर टाकलेल्या विश्वासासाठी हे करा.

मी तिच्या घरी गेलो. तिच्या आईसमोर माफी मागितली. लगेच काही झालं नाही. दिवाळीनंतर तिचाच मेसेज आला की अजून पोर्टफोलिओ हवाय, पण अटी तिच्या.

सकाळी आठ वाजता तिच्याच घराच्या पडवीत शूट केलं. चादर तिच्या मोठ्या बहिणीने धरली होती. तासाभराने बहिणीचे हात भरून आले, तेव्हा मी चादर घेतली आणि फोन तिच्या हातात दिला. त्या दिवशी काढलेल्या फोटोंतले सहा तिने निवडले, बाकीचे माझ्यासमोर पुसायला लावले. ते सहा बघून मला पहिल्यांदा वाटलं की हे चांगले फोटो आहेत. फोन तोच होता, ज्याचे हप्ते मी अजून फेडतोय.

तुम्ही विचाराल, मग त्यातला एक तरी फोटो या पोस्टमध्ये का नाही? कारण सोपं आहे. मी तिला विचारलं आणि ती नाही म्हणाली.

तुमच्या घरात पांढरी चादर आहेच. येत्या रविवारी घरातल्याच कुणाला तरी विचारून, पडवीत किंवा खिडकीपाशी बसवून एक पोर्ट्रेट काढून बघा. चादरीशिवाय एक आणि चादर धरून एक. फरक काय पडला ते मला कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि फोटो टाकण्याआधी काय करायचं, ते आता तुम्हाला माहीत आहेच!